अंगणातल्या शाळेच्या ताराबाई

अंगणवाडी हा शब्द माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. गावोगावी अंगणवाडी असते, तिथल्या सेविकाताई मुलांची वजनं घेतात, खाऊ देतात, गाणी म्हणून घेतात, आणि मानधनासाठी त्यांचा मोर्चा आझाद मैदानावर आला की टीव्हीवर बातमी येते. पण हा शब्द मुळात सरकारी नाही बरं का! दिल्लीच्या कुठल्या फाईलीत तो जन्मला नाही. तो आला आपल्याच ठाणे जिल्ह्यातून, डहाणू तालुक्यातल्या बोर्डी नावाच्या समुद्रकाठच्या गावातून. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले, बोर्डी पालघर जिल्ह्यात गेली आणि शहापूर, मुरबाड ठाण्यातच राहिले. पण ही गोष्ट सगळा मिळून एकच ठाणे जिल्हा होता तेव्हाची आहे.

कॉलेजच्या मॅगझिनमध्ये विश्वेश्वरय्या, होमी भाभा, अब्दुल कलाम यांच्यावरचे लेख ठरलेले असतात. त्यात एका बालवाडीच्या बाईंचं काय काम, असं कुणी विचारेल. सिव्हिलच्या मित्रांना मोडक म्हटल्यावर मुंबईला पाणी देणारा वैतरणेवरचा मोडकसागर आठवेल, पण ते इंजिनिअर मोडक वेगळे. ताराबाई मोडक यांनी धरण बांधलं नाही. त्यांच्यासमोरचा प्रॉब्लेम मात्र धरणापेक्षा सोपा नव्हता. एका खोलीत (खोली असलीच तर) तीस मुलं आहेत. कुणी तीन वर्षांचं, कुणी पाच, कुणी आठ. कुणाला भराभर येतं, कुणाला काहीच येत नाही. शिकवणारी बाई एकच. प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे काम मिळालं पाहिजे, कुणी रिकामं बसायला नको आणि कुणी घाबरून पळून जायला नको. आता सांगा, कसं करायचं?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, म्हणजे त्या काळातल्या सुधारक मंडळींपैकी. मुलींना किती शिकवावं यावर बाहेर वाद चालू असताना या घरात मुलीनं शिकायचं हे गृहीतच होतं. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. आज बी.ए. म्हटलं की आपण इंजिनिअरिंगवाले उगाचच नाक मुरडतो, पण १९१४ मध्ये पदवीधर मराठी मुली शोधाव्या लागत!

पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. यजमान कृष्णराव मोडक अमरावतीला वकील होते. शिकलेली मुलगी, वकील नवरा, चांगलं घर. कागदावर सगळं छान. पण संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरात एक लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, नोकरी करून, मुलीला एकटीनं वाढवायचं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला येणारच नाही. रत्नाकर मतकरींचं 'घर तिघांचं हवं' हे नाटक ताराबाईंच्या आयुष्यावर बेतलेलं आहे. जगाच्या मुलांसाठी झटणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घराचं काय झालं, हा त्यातला अवघड प्रश्न. चरित्र म्हटलं की आपल्याकडे थोर माणसाच्या घरातली दुःखं चटकन झाकून टाकतात. मला वाटतं ती झाकू नयेत. ताराबाईंच्या पुढच्या कामाची किंमत त्यामुळे कमी होत नाही, उलट ती किती होती ते कळतं.

वेगळ्या झाल्यावर त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या, त्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा, चांगला पगार. पण काठियावाडातच भावनगर नावाच्या गावात एक विलक्षण माणूस राहत होता, गिजुभाई बधेका. हे मूळचे वकील. स्वतःचा मुलगा शाळेच्या वयाचा झाला, तेव्हा त्यांनी मुलांच्या शिक्षणाबद्दल वाचायला सुरुवात केली, मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टरबाईंचं काम त्यांच्या वाचनात आलं आणि वकिली सुटली ती सुटलीच. १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. ताराबाईंनी ते काम पाहिलं आणि १९२३ साली प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंकडे आल्या. कॉलेजातल्या मोठ्या मुली सोडून तीन वर्षांच्या पोरांमध्ये! लोकांना वाटलं असणार, या बाईंचं प्रमोशन झालं की डिमोशन?

इथे जरा थांबून मॉन्टेसरी म्हणजे काय ते बघू, कारण आपल्यातल्या बऱ्याच कॉन्व्हेंटवाल्यांना (मीही त्यातलीच) मॉन्टेसरी म्हणजे ज्युनिअर केजीच्या आधीचा एक वर्ग एवढंच माहीत असतं. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत होती. वयाप्रमाणे वर्ग पाडलेच नाहीत. सगळ्यांना एकच धडा एकाच वेळी शिकवायचाही नाही. खोलीत कपाटांवर साधनं मांडलेली. मुलानं आपल्याला झेपेल ते साधन घ्यायचं, चटईवर बसायचं, मन भरेपर्यंत करायचं आणि परत जागेवर ठेवायचं.

पण गंमत त्या साधनांच्या रचनेत आहे. लाकडाचे दंडगोल घ्या. दहा दंडगोल आणि एका लाकडी ठोकळ्यात त्यांच्या मापाची दहा भोकं. जाड दंडगोल बारीक भोकात जाणारच नाही. बारीक दंडगोल जाड भोकात गेला तर शेवटी एक दंडगोल उरतो आणि त्याला जागा नसते. म्हणजे चूक झाली हे बाईंना सांगावंच लागत नाही, ते लाकूडच सांगतं! आपण कंट्रोल सिस्टिममध्ये क्लोज्ड लूप आणि फीडबॅक शिकतो ना, तेच हे. फीडबॅक साधनात बसवला की शिकवणारीचा वेळ मोकळा होतो. तीस मुलं तीस वेगवेगळ्या कामांवर असली तरी एक बाई पुरते, कारण तिला तीस जणांच्या चुका काढत बसायच्या नसतात. ती फिरत राहते, बघते, कोण कुठे अडलं ते टिपते आणि ज्याला नवं साधन दाखवायची वेळ आली आहे त्याच्याजवळ जाऊन बसते. शिवाय लहान मूल मोठ्याचं बघून शिकतं आणि मोठं मूल लहानाला दाखवताना स्वतः पक्कं होतं. मिश्र वयाचा वर्ग ही अडचण राहत नाही, ती सोय होते.

भावनगरला ताराबाई हे सगळं गिजुभाईंबरोबर शिकल्या आणि करून बघितलं. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. गुजरातीत 'शिक्षणपत्रिका' निघत होती, तिची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालवली. त्यातून महाराष्ट्रातल्या आईबापांना आणि शिक्षकांना कळू लागलं की मुलाला न मारताही शिकवता येतं. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. मुलांची शाळा आणि शिक्षकांचं ट्रेनिंग दोन्ही तिथे. १९३९ साली गिजुभाई गेले. त्याच वर्षी खुद्द मॉन्टेसरीबाई मद्रासच्या अड्यारला आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे बरीच वर्षं भारतातच राहिल्या.

या काळात ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. मॉन्टेसरीची साधनं महाग. गुळगुळीत लाकूड, मोजून कापलेलं, रंग दिलेलं. ती घेणार कोण? दादर हिंदू कॉलनीतल्या पांढरपेशा घरातलं मूल घेणार. म्हणजे जी पद्धत रोमच्या गरीब वस्तीत सुरू झाली ती भारतात येऊन पैसेवाल्यांची झाली. (आणि आजही आहे. मोठ्या शहरात मॉन्टेसरीच्या फिया ऐकल्या तर आपली इंजिनिअरिंगची फी बरी वाटेल.) ताराबाईंना हे पटत नव्हतं. नावाजलेली, चालती संस्था, सगळीकडे मान, वय त्रेपन्न. अशा वेळी माणूस रिटायरमेंटचा विचार करतो. ताराबाई बोर्डीला गेल्या.

साल १९४५. बोर्डीत आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणाला वाहून घेतलेली माणसं आधीच काम करत होती, त्यामुळे पाय ठेवायला जागा होती. ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या. वय पस्तीस. ताराबाई आणि अनुताई ही जोडी पुढे अठ्ठावीस वर्षं टिकली, आणि खरं सांगायचं तर एकीचं चरित्र दुसरीशिवाय लिहिताच येत नाही.

त्या वर्षी त्याच भागात आणखी काय चाललं होतं ते लक्षात घेतलं पाहिजे. तलासरी, उंबरगाव, डहाणूच्या पट्ट्यात गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या पाठिंब्यानं वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. सावकार, जमीनदार, जंगलाचे ठेकेदार यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या फुकट राबणारी माणसं पहिल्यांदाच नाही म्हणत होती. ताराबाईंच्या केंद्रात जी मुलं यायला हवी होती ती याच घरांतली. ज्या घरात आईबाप वेठीला जात आले, त्या घरातल्या मुलाला शाळा म्हणजे काय वाटणार? आणखी एक मालकाचं घर.

त्यामुळे झालं असं की केंद्र निघालं, साधनं मांडली, बाई तयार, आणि आदिवासी आणि हरिजन वस्तीतली मुलं येईनात. आता इथे बहुतेक लोक काय म्हणतील? या लोकांना शिक्षणाची कदरच नाही. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं. त्या आणि अनुताई साधनं घेऊन थेट वस्तीत जाऊ लागल्या. झोपडीसमोरचं सारवलेलं अंगण हाच वर्ग. आधी मुलांची तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. आया दारात बसून बघायच्या. कुणी कडेवर तान्हं घेऊन यायची. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. त्या शब्दाची जन्मकथा ही एवढीच.

साधनांचं कोडंही अंगणातच सुटलं. महाग लाकडाच्या जागी चिंचोके, गुंजा, शंख-शिंपले, खडे, पानं, बांबूचे तुकडे आले. विचार करा, लहान-मोठ्या क्रमानं लावायला शिंपले काय वाईट? बोर्डीच्या किनाऱ्यावर हवे तेवढे. गुंजा लाल-काळ्या, मोजायला आणि रचायला सुंदर. पानांचे आकार जुळवता येतात, चिंचोके दहा-दहाच्या ढिगात मांडता येतात. ओल्या मातीत किंवा वाळूत बोटानं अक्षर गिरवता येतं. पद्धत तीच राहिली, वस्तू गावच्या झाल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन कायम ठेवून मटेरियल बदललं आणि कॉस्ट जवळपास शून्यावर आणली. शिवाय एक फायदा असा की हरवलं तरी कुणी रागावत नाही. आपल्या लॅबमध्ये मल्टिमीटर कपाटात कुलूपबंद का असतो ते आठवा.

पण मोठी मुलं राहिलीच. सात-आठ वर्षांची मुलगी घरात असेल तर ती शाळेत जाऊच शकत नव्हती, कारण आई कामावर गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम तिचं. मुलगा असेल तर तो गुरांमागे. इथे ताराबाईंना जे दिसलं ते आजच्या कित्येक योजनांना दिसत नाही. मुलगी शाळेत येत नाही याचं कारण तिच्या कडेवर बसलेलं आहे! मग भावंडालाही घेऊन यायला सांगायचं. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याच्यापेक्षा मोठ्यांसाठी बालवाडी, त्याच्यापेक्षा मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, आणि हे सगळं एकाच आवारात, एकमेकांना लागून. याचं नाव विकासवाडी. ताई शाळेत, धाकटा बालवाडीत, सगळ्यांत धाकटं पाळण्यात. मधल्या वेळेत ताई जाऊन बघून येऊ शकते. १९५७ साली केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारली पाड्यांच्या मध्यावर, आणि विकासवाडीचा प्रयोग तिथे पुरता फुलला. तेव्हा ताराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. टेकडी चढायचं वय ते नव्हे.

गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. हे काम विशेषकरून अनुताईंचं. मुलं जिथे गुरं चारतात तिथेच शिक्षकानं जायचं. आता कुरणात पहिली, दुसरी, तिसरी असं काही नसतं. सहा वर्षांचा पोरगा आणि बारा वर्षांचा पोरगा एकाच झाडाखाली, आणि गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की वर्ग तिथेच सुटला. तिथे ठरलेलं पुस्तक पान एकपासून शिकवणं शक्यच नाही. ज्याला जिथपर्यंत येतं तिथून पुढे, एवढा एकच नियम चालू शकतो. मोजायला गुरं आहेत, आकार बघायला पानं आहेत, लिहायला माती आहे.

आता जरा शहापूर-मुरबाडकडे येते. एनएसएसच्या कँपला या बाजूला जाऊन आलेल्यांनी पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा पाहिल्याच असतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. म्हणजे पट वीस-पंचवीस असलेल्या पाड्यावर चार-पाच इयत्ता आणि गुरुजी दोन. गणित सोपं आहे : एका गुरुजींच्या वाट्याला किमान दोन इयत्ता, आणि दुसरे गुरुजी मीटिंगला किंवा ट्रेनिंगला गेले तर सगळ्याच. अशा खोलीत मी पाहिलेली नेहमीची युक्ती म्हणजे अर्धा फळा पहिलीला, अर्धा दुसरीला. पहिलीला शिकवताना दुसरीनं शुद्धलेखन उतरवायचं, दुसरीला शिकवताना पहिलीनं गप्प बसायचं. यात गुरुजींची चूक नाही. त्यांना दोन वर्ग दिलेत आणि दोन्हीची वेगवेगळी पुस्तकं वर्षाअखेर संपवायची आहेत.

बरं, इयत्तेच्या आतसुद्धा मुलं सारखी नसतात. या दोन्ही तालुक्यांत कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुलं बरोबर जातात. (वसईकडे विधायक संसदेनं अशा मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा काढल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. हीसुद्धा अंगणवाडीचीच बहीण!) भट्टीवर जाऊन आलेलं मूल जूनमध्ये वयाप्रमाणे तिसरीत बसतं, पण वाचन पहिलीचं असतं. शेजारी त्याच पाड्यावर राहिलेलं मूल चौथीचं पुस्तक वाचतं. दोघांना एकच धडा. एकाला तो डोक्यावरून जातो आणि दुसऱ्याला कंटाळा येतो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम आठवत असेल. सोर्स कितीही पॉवरफुल असला तरी लोड मॅच झाला नाही तर पोचायची तेवढी पॉवर पोचत नाही. आणि आपली स्वतःची सोय बघा. आपल्याला एटीकेटी आहे. एम-थ्री राहिला तरी बाकीचे विषय घेऊन पुढे जाता येतं, एम-थ्री मागून सोडवता येतो. वीस वर्षांच्या घोड्यांना ही सवलत आणि सहा वर्षांच्या पोराला मात्र पूर्वी एका गणितासाठी अख्खं वर्ष परत! पुढे नापास करणं थांबवलं, तर न येताच पुढे ढकलणं सुरू झालं. दोन्हीकडे धरलेली गोष्ट एकच, ती म्हणजे इयत्ता. मुलाला नेमकं काय येतं हे कुणी विचारतच नाही.

कुवतीप्रमाणे काम द्यायचं म्हटलं की एक भीती असते आणि ती खोटी नाही. कच्च्या मुलांचा एक गट केला, त्यांना सोपं सोपं काम दिलं, की ती मुलं कायमची त्याच गटात राहतात. गटाला नाव पडतं, ढ. आणि आपल्या देशात तो ढ गट कुणाचा असणार हे जातीवरून आणि पाड्यावरून आधीच ओळखता येतं. वारली मुलांना सोपंच द्या, त्यांना झेपणार नाही, असं म्हणणारे तेव्हाही होते. माझ्या मते ताराबाईंच्या पद्धतीत याचं उत्तर आहे. तिथे पायरी साधनाला असते, मुलाला नसते. आज चिंचोक्यांपाशी असलेली मुलगी उद्या पुढच्या साधनापाशी जाते, आणि गणितात मागे असलेली तीच मुलगी गाण्यात किंवा पानं ओळखण्यात सगळ्यांच्या पुढे असते. कुणाला कुठल्या गटात टाकायचं हा प्रश्न वर्षातून एकदा येत नाही, तो रोज येतो आणि रोज बदलतो. अर्थात याला बाई डोळ्यांत तेल घालून बघणारी लागते. म्हणून तर ताराबाईंनी दादरपासून कोसबाडपर्यंत प्रत्येक ठिकाणी मुलांच्या शाळेबरोबर शिक्षकांचं ट्रेनिंग जोडून ठेवलं. ते नसतं तर उरले असते नुसते चिंचोके.

ही कल्पना सरकारदरबारी अगदीच पोचली नाही असं नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं पहिली-दुसरी मिळून एकच सलग टप्पा मानावा, मध्ये इयत्तेची भिंत नको, अशी शिफारस केली. आयोगाचे सचिव जे. पी. नाईक, आपले कोल्हापूरकडचे. पुढे 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेनं इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायचं, कुणी अक्षराला, कुणी शब्दाला, कुणी परिच्छेदाला, कुणी गोष्टीला, अशी पद्धत आणली आणि ती परदेशातही गेली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीनं छोट्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची शिडी तयार केली, मूल आपापल्या पायरीवरून चढत जातं. ही मंडळी ताराबाईंकडूनच शिकली असा दावा मी करत नाही. एकच अडचण वेगवेगळ्या ठिकाणी आली की उत्तरं सारखी निघतात.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या, वय एक्याऐंशी. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पहिल्यांदा देशभरात ३३ प्रकल्प होते, आणि त्यातल्या बालकेंद्राला नाव दिलं अंगणवाडी. बोर्डीतला शब्द तमिळनाडूपासून आसामपर्यंत गेला, आणि ज्यांच्या कामातून तो आला त्यांना ते बघायला मिळालं नाही. अनुताईंनी बघितलं. त्यांनी कोसबाडचं काम सांभाळलं, १९८२ साली रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था काढली, १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

सरकारनं अंगणवाडी उचलली, पण विकासवाडी उचलली नाही. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची झाली आणि प्राथमिक शाळा शिक्षण खात्याची राहिली. वय सहा झालं की मूल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. मुरबाडच्या आतल्या कितीतरी पाड्यांवर दोन्ही इमारती एकाच आवारात आहेत, मध्ये फार तर वीस पावलं. पाचाढ्याच्या वेळी अंगणवाडीतली पोरं शाळेच्या खिडकीच्या गजांना लटकून आत बघत असतात, आणि आत बसलेल्या ताया त्यांना हातानं खुणावून हाकलत असतात.